डावी बाजू

मंगळवारी सांजच्याला बांडीनं करडाला लाथ मारली.
एकदा मारली तेव्हा म्हटलं, माजलीय.
दुसऱ्यांदा मारली, तसं मांडीवरचं सूप खाली ठेवलं,
पानं, कातर, दोरा सगळं तसंच,
आणि वाकून हात लावला.
डावीकडची कास दगड झालेली,
तव्यावरनं आत्ताच उतरलेल्या भाकरीसारखी ऊन.
सड दाबला तर दूध न्हाई,
नासक्या चहातल्यासारख्या गुठळ्या,
पाठोपाठ गुलाबी पाणी.

निपाणीच्या दवाखान्यातला डॉक्टर आमच्या गल्लीत गुरुवारी येतो.
आला तर.

शेजारची निंगव्वा कुडाच्या फटीतनं बघत होती.
ती हुक्केरीकडची,
तिच्या मराठीत शेळी कधी तो असते, कधी ते.
"त्याला केच्चल बाव झालाय," म्हणाली,
"आधी तू हात धू."

मी माझ्याच हातांचा वास घेतला.
अकरा वर्षांचा जर्दा मुरलाय तिथं,
साबणाला दाद देत न्हाई.
राखेनं घासले, लिंबानं घासले,
तिनं दोनदा हुंगून पास केले.
कारखान्यातला चेकरसुद्धा एवढं बघत न्हाई.

कोरफड तिच्या दारातली,
फुटक्या घागरीत लावलेली. लोळसर म्हणते ती तिला.
काटे तासले, पान पाट्यावर घेतलं,
तर ते वरवंट्याखालनं सटकून भिंतीला जाऊन चिकटलं.
आम्ही दोघी हसलो.
बांडी तिकडं कण्हत होती, हसायची वेळ नव्हती.
हळद घरात होतीच.
"सुण्णा ऐतेनु?"

चुना.

आमच्यात तंबाखू खाणारं कोण न्हाई आता.
फळीवर ह्यांची डबी होती,
एका खणात चुरा, एका खणात चुना,
दोन पावसाळे कुणी हात लावला नव्हता.
झाकण हलेना. दातानं उघडलं.
चुना वाळून खडू झालेला,
आणि त्यात एक खळगा,
नखाएवढा.
निंगव्वानं पाण्याचा तांब्या माझ्याकडं सरकवला,
स्वतः ओतलं न्हाई.
मीच ओतलं.

हळदीवर चुना पडला की काय होतं
ते बाईमाणसाला सांगायला नको.
दोन वर्षांत इतकं लाल माझ्या बोटांना लागलं नव्हतं.
ते पातळ करून कासेला थोपलं,
सडापासनं वर पार जांघेपर्यंत.
पिळायचं, धुवायचं, लावायचं,
तासा-दीड तासानं परत पिळायचं.
रात्री मोबाईल तोंडात धरून उजेड केला.
गुठळ्या परड्यात खड्डा काढून पुरल्या.
करडाला उजवीकडं धरलं. ते उगाच माझं बोट चोखत बसलं.

बुधवारी हजारातल्या चारशेच विड्या झाल्या,
त्यातलेही तीन कट्टे चेकरनं बाजूला टाकले.
"विडीला कुंकू कशाला लावलंस, मावशे?"
सगळ्या बाया हसल्या.
मी पैशाचा हिशेब करत होते, मला उशिरा हसू आलं.

गुरुवारी डॉक्टर खरंच आला.
सुई टोचली, लेप हुंगला,
म्हणाला, हेही चालू दे, पण दूध मी सांगेपर्यंत पिऊ नका.

रविवारी कास मऊ पडली. सगळी न्हाई,
आत सुपारीएवढी गाठ राहिली, ती अजून लागते हाताला.
सुईनं उतरलं, का लेपानं, का आपलं आपण,
निंगव्वाला विचारलं तर म्हणते, "शेळ्याला विचार."

डबी धुतली. बाजारातनं आठ आण्याएवढा चुना आणून
त्याच खणात भरला.
दुसरा खण तसाच ठेवला, चुऱ्यासकट.

करडू अजून उजवीकडंच पितं.
मधेच डावीकडं जातं, नाक लावतं,
थोडा वेळ थांबतं,
आणि वळून परत येतं.